लंगडं-आंधळं जनावर सांभाळायचं तर

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)

चुलीवरचं उरकलं असेल, कोणी निंदणावरून येऊन टेकली असेल, कोणी गटाच्या बैठकीत सगळ्याजणींसोबत ऐकत असेल. आज मी बोलणार आहे ते बाजारात ज्याला किंमत नाही अशा जनावराबद्दल. लंगडी शेळी, आंधळी कालवड, तीन पायांचं कुत्रं, आई मेलेलं करडू. असं जनावर घरात ठेवावं का? ठेवलं तर कसं सांभाळावं? आणि त्याचा आपल्याशी, आपल्या इतर ढोरांशी जीव कसा जुळतो?

आधी माझ्या कोठ्यातली गोष्ट सांगते. आमच्या गाईला श्रावणात कालवड झाली. अंगानं चांगली, दूधही पीत होती. पण तीन आठवडे झाले तरी ती गव्हाणीला धडकायची, दाराच्या चौकटीला डोकं आपटायची. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मामाजी तिथेच उभे होते. म्हणाले, "आंधळी कालवड कोन घेते? ना दूध, ना काम. कुटार मात्र खाईन पोटभर." ते काही दुष्टपणानं बोलले नाहीत. त्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता आणि दुकानदाराची उधारी बाकी होती. मी म्हटलं, "मामाजी, एक वर्ष ठेवू. हिचा खर्च माह्या शेळ्यांच्या पैशातून." एवढंच बोलले, पण रात्रभर झोप नव्हती. शेळ्यांचे पैसे म्हणजे पोरीच्या शाळेचे पैसे, हे मलाही कळत होतं.

म्हणून आज मी तुम्हाला "दया करा, पुण्य लागेल" असं सांगणार नाही. दया चार दिवस पुरते. त्यानंतर लागते ती माहिती, रोजची सवय आणि हिशेब.

आनंदवनातली लंगडी गाय

आपल्या विदर्भातच याचं एक मोठं उदाहरण आहे. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या ओसाड, खडकाळ जमिनीवर राहायला गेले. सोबत दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात १४ रुपये. तिथेच आनंदवन उभं राहिलं. साधनाताईंनी 'समिधा' या पुस्तकात आपल्या संसाराची हकिगत लिहिली आहे. बाई म्हणून मला त्यात एक गोष्ट दिसते. ज्या घरात उद्याची भाकर कशी मिळेल हे माहीत नाही, त्या घरानं लंगडी गाय सोडली नाही. गावानं टाकलेली माणसं आणि बाजारानं टाकलेली गाय एकाच जागी राहिली.

त्या दोन मुलांपैकी धाकटे प्रकाश. ते मोठेपणी डॉक्टर झाले आणि १९७३ पासून गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात काम करू लागले. पत्नी डॉ. मंदाकिनीताईही सोबत होत्या. जंगलात एकदा शिकार करून परतणारे माडिया बांधव त्यांना भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू अजून बिलगून होतं. ते पिल्लू आमट्यांनी घरी आणलं. मग अशी अनाथ, जखमी पिल्लं येत गेली आणि त्यातून तिथलं प्राण्यांचं अनाथालय तयार झालं. २००८ साली या नवरा-बायकोला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण मैत्रिणींनो, हेमलकशाची गोष्ट ऐकून रानातलं पाडस घरी आणू नका. ते आमट्यांना जमलं, त्यामागे त्यांची आयुष्यभराची मेहनत आणि सरकारी परवानगी आहे. आपल्याकडे कारंजा-सोहोळला काळवीट अभयारण्य आहे, आणि वावरात हरणं-रोही तर रोजच दिसतात. काळविटाची मादी पिल्लाला गवतात लपवून चरायला जाते. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे टाकलेलं असतं असं नाही. उचललंत तर आईपासून तोडलंत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातला प्राणी घरी पाळणं गुन्हा आहे. जखमी दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आपण बोलतोय ते घरच्या आणि गावातल्या जनावराबद्दल.

आधी इलाज, मग अपंगपण

जनावर पांगळं झालं असं ठरवण्याआधी ते बरं होण्यासारखं आहे का, हे पाहिलं पाहिजे. कितीतरी जनावरं आपण फार लवकर निकामी ठरवतो.

गाय-म्हैस व्याल्यावर एक-दोन दिवसांत बसते, मान पोटाकडे वळवते, कान थंड पडतात. आपण म्हणतो, "बसली, आता काही उठत नाही." तो बहुतेक वेळा दुग्धज्वर असतो. अंगातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं म्हणून ती बसते. डॉक्टरांनी वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं तर पुष्कळदा काही तासांत उभी राहते.

वासरू जन्मतः पुढचे पाय दुमडून, घोट्यावर चालत असेल तर तेही घाबरण्यासारखं नाही. पोटात जागा कमी पडल्यानं शिरा आखडतात. बरीच वासरं आपोआप सरळ होतात. काहींना डॉक्टर आधार बांधून देतात. प्लास्टिकचा पाईप उभा चिरून, आत कापसाची जाड गादी. तो रोज सोडून कातडी पाहायची, नाहीतर आधारानंच जखम होते.

सांधे सुजून लंगडणारं वासरू असेल तर मूळ बहुधा नाळेत असतं. जन्मल्यावर नाळेला आयोडीन लावलं नाही, जागा घाण राहिली, की रोगजंतू नाळेतून आत जाऊन सांध्यात बसतात. म्हणून नाळेला आयोडीन आणि जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत पोटभर चीक, या दोन गोष्टी चुकवू नका. चीक पूर्ण खरवसाला काढून घेऊ नका. पहिला हक्क वासराचा.

पावसाळ्यात शेळी लंगडली तर खुराच्या बेचक्यात पाहा. घाण वास येत असेल तर खूर कुजलेला आहे. दहा लिटर पाण्यात ५०० ग्रॅम मोरचूद, त्यात पाय बुडवायचे. ते पाणी शेळ्या-मेंढ्यांनी पिऊ नये, विष आहे. वाढलेला खूर छाटून घ्यायचा.

डोळ्यात फूल पडलं तर तंबाखूची पिंक, मीठ, चुना यातलं काही टाकायचं नाही. आपल्याकडे अजून टाकतात. त्यानं वाचणारा डोळाही जातो. स्वच्छ, उकळून थंड केलेल्या पाण्यानं पुसायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. आमच्या कालवडीबद्दल डॉक्टर म्हणाले, गाय उन्हाळाभर सुक्या कुटारावर होती, गाभणपणी हिरवं मिळालं नाही, त्यामुळे अ जीवनसत्त्व कमी पडून असं होऊ शकतं. नक्की सांगता येत नाही. तेव्हापासून मी गाभण गाईला उन्हाळ्यातही थोडं का होईना हिरवं देते. विहिरीजवळ दोन सरी गवत लावलं आहे.

२०२२ साली लम्पीची साथ आली, ती आठवत असेल. त्यातून वाचलेल्या कितीतरी ढोरांचे पाय सुजले, कोणाच्या डोळ्यावर पांढरं आलं. रोग गेला आणि अधूपण मागे राहिलं. अशी जनावरं आजही गावागावात आहेत.

आंधळ्या जनावराला घर कसं पाठ होतं

आंधळं जनावर नाकानं, कानानं आणि पायानं जग ओळखतं. आपण डोळ्यांवर जेवढे अवलंबून असतो तेवढं ते नसतं. त्याला लागते ती एकच गोष्ट: सगळं जागच्या जागी. गव्हाण, पाण्याचं टाकं, दावं, दार. आमच्या कालवडीला पहिल्या आठवड्यात मी हातानं धरून एकच वाट फिरवली. कोठा ते टाकं, टाकं ते कोठा. आठव्या दिवशी ती एकटी गेली. पण कोणी वाटेत वखर ठेवला की धडकायची.

तिच्याजवळ जाताना आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. अचानक मागून हात लावला तर लाथ बसेल, आणि तो तिचा दोष नाही. खड्डा, उघडी विहीर, तारेचं कुंपण यांपासून जागा लांब हवी. शिंगाळ, मारक्या ढोरात सोडायचं नाही.

आणि सोबत हवी. गाय, शेळी, मेंढी हे कळपातले प्राणी. एकटं राहणं त्यांना धोक्याचं वाटतं. मी एका शांत पाटीच्या गळ्यात घंटा बांधली आणि दोघींना शेजारी बांधू लागले. पाट चरायला निघाली की कालवड घंटेच्या मागे. पाट थांबली की ही थांबायची. वर्षभरात अशी जोडी जमली की बाया पाहायला यायच्या.

पुढं मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. घरात दवाखान्याचा खर्च निघाला आणि तीच पाट बाजारात न्यावी लागली. न्यावी लागली, त्याला इलाज नव्हता. पण मी कालवडीचा विचारच केला नाही. तीन दिवस तिनं कुटाराला तोंड लावलं नाही. दाराकडे कान करून उभी राहायची. पाणी मी हातानं पाजलं. चौथ्या दिवशी त्याच पाटीच्या पिलीच्या गळ्यात तीच घंटा बांधली, तेव्हा हळूहळू खाऊ लागली. हेच पंधरा दिवस आधी केलं असतं, दोघींना सोबत फिरवलं असतं, तर तिचे ते तीन दिवस वाचले असते. सोबती बदलायचा असेल तर जुना असतानाच नवा जोडायचा.

जीव जुळतो म्हणजे काय होतं

ढोरं एकमेकांना चाटतात, तुम्ही पाहिलं असेल. बहुतेक मानेला, गळ्याला. जिथं स्वतःची जीभ पोहोचत नाही तिथं. त्यानं त्यांना शांत वाटतं. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी गाईंच्या गळ्याखाली हातानं चोळून पाहिलं, तर त्यांच्या छातीचे ठोके संथ झाले आणि त्या मान पुढं ताणून देऊ लागल्या. आपल्या आज्या हे पुस्तक न वाचता करत होत्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकतो, मळतो, तेव्हा तो कसा डोळे मिटून उभा राहतो ते आठवा.

कुत्र्याचंही असंच. जपानमध्ये २०१५ साली एक अभ्यास झाला. कुत्रं आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन वाढतं असं त्यात दिसलं. हे तेच द्रव्य, जे बाळाला पाजताना आईच्या अंगात तयार होतं. म्हणजे जीव लागणं ही नुसती बोलायची गोष्ट नाही, ती अंगात घडते.

अधू जनावराशी नातं जास्त घट्ट होतं असं का वाटतं? माझं उत्तर साधं आहे. त्याला आपण दिवसातून चार वेळा हात लावतो. आवाज देतो, पाणी दाखवतो, खूर पाहतो, जखम पुसतो. धडधाकट ढोराला आपण सोडतो आणि बांधतो, एवढंच. जिथं हात लागतो तिथं ओळख वाढते. जनावराला आपली कीव येते हे कळत नाही. त्याला कळतो तो वेळेवर येणारा पाय, रोजचा वास, ओळखीचा आवाज. म्हणून ठरलेली वेळ पाळा. घरातल्या दोन माणसांची तरी त्याला ओळख असू द्या, म्हणजे तुम्ही माहेरी गेलात तर ते उपाशी राहणार नाही.

आमच्या घरचं सांगते. मामाजी पुढं त्या कालवडीबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत, वाईटही बोलले नाहीत. पण पाण्याचं टाकं कोणी वीतभर सरकवलं तर आता तेच ओरडतात, "तिच्या वाटेवरचं सामान कोनं हलवलं बे?"

तीन पायांचं कुत्रं

रस्त्यावर गाडीखाली येऊन पाय गेलेली कुत्री गावात असतात. कुत्र्याच्या अंगाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून मागचा पाय गेलेलं कुत्रं बहुधा चांगलं धावतं. त्याला जाड होऊ देऊ नका, उरलेल्या पायांवर ताण येतो.

पण जखमी, अनोळखी कुत्र्याला हात लावण्याआधी थांबा. लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, विनाकारण अंगावर येतं किंवा अंधारात दडून बसतं, तर जवळ जाऊ नका, लेकरांना जाऊ देऊ नका. पिसाळलेलं असू शकतं. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद, चुना, तिखट भरू नका. घरात ठेवायचं ठरलं तर आधी रेबीजची लस, मग नसबंदी, मग लेकरांच्या हातात.

तसंच गाभटलेल्या शेळी-गाईची वार उघड्या हातानं ओढू नका. त्यातून माणसाला ताप देणारा रोग होतो. प्लास्टिकचे हातमोजे घाला आणि वार खोल पुरा.

हिशेब मांडूनच ठरवा

मोठ्या जनावराला दिवसाला त्याच्या वजनाच्या शंभरात अडीच भाग कोरडा चारा लागतो. २०० किलोची गाय असेल तर सुमारे ५ किलो. वर्षाचे झाले १८ क्विंटल. यात आपल्या वावरातलं किती, विकतचं किती, हे लिहा. औषध, ढेप, मीठ वेगळं. दुसऱ्या बाजूला शेण लिहा. एवढी गाय दिवसाला साधारण ८ ते १० किलो शेण देते, म्हणजे वर्षाला ३० क्विंटलच्या आसपास. गांडूळखत केलं तर त्याचा भाव तुमच्या गावचा टाका. जमाखर्च जुळला नाही तरी किती कमी पडतं ते तरी कळेल. त्या आकड्याला घरातल्या सगळ्यांचं "हो" पाहिजे. बाईनं एकटीनं भार घ्यायचा आणि मग वर्षभर टोमणे ऐकायचे, असं ठेवणं जनावराच्याही कामाचं नाही.

जन्मतः व्यंग असलेली मादी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरवू नका. काही व्यंगं पुढच्या पिढीत उतरतात. आमची कालवड आम्ही भरवली नाही. ती दूध देत नाही. ती शेण देते आणि कोठ्यात असते, एवढंच खरं सांगते.

केव्हा ठेवू नये

हे बोलायला जड जातं, पण सांगते. आमची एक म्हातारी गाय बसली. मी हट्ट धरला, वाचवीन. खाली वाळू-कुटाराची गादी हवी, दिवसातून चार-पाच वेळा कूस बदलायला हवी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन माणसांनी एकदा उलटवली की झालं, असं वाटलं. तीन आठवड्यांत तिच्या हाडांवर जखमा पडल्या, किडे झाले. ती मेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच आजवर लाज वाटते. तिला मी माझ्या समाधानासाठी जगवत होते.

तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारते. ते स्वतःहून खातं का? त्याच्या वेदना औषधानं आटोक्यात आहेत का? कूस बदलायला, उठवायला घरात रोज माणूस आहे का? तिन्हींची उत्तरं नाही असतील तर डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. पण रात्री गाडीत घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून येणं, हा मार्ग नाही. उपाशी, तहानलेलं मरेल अशा रीतीनं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

गटानं काय करता येईल

एकटीला जड जातं ते दहाजणींना जमतं. पहिलं, गटाच्या वहीत गावातल्या अधू जनावरांची यादी करा. कोणाकडे, काय झालं, डॉक्टरांनी पाहिलं का. दुसरं, १९६२ हा टोल फ्री क्रमांक प्रत्येकीच्या फोनमध्ये घाला. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा तो क्रमांक आहे. गावात पशुसखी असेल तर तिला बैठकीला बोलवा. अवघड शस्त्रक्रियेसाठी अकोल्याला पशुवैद्यक संस्थेचा दवाखाना आहे, आणि चारा-व्यवस्थापनाचं शिकायला रिसोड तालुक्यात करड्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिसरं, एक पेटी गटाची ठेवा. आयोडीन, कापूस, पट्टी, हातमोजे, मोरचूद, खूर छाटायची कात्री. चौथं, आजारी किंवा बाळंतीण मैत्रिणीच्या जनावराची पाळी लावून घ्या. एका दिवशी एकीनं कूस बदलायची, दुसऱ्या दिवशी दुसरीनं.

आणि ज्या घरानं हिशेब करून "आम्हाला जमत नाही" म्हटलं, त्या घराला नावं ठेवू नका. त्यांचं जनावर गटातली दुसरी कोणी घेते का, ते विचारा. दत्तक म्हणजे एवढंच. एकीला जमलं नाही, दुसरीला जमेल.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या कोठ्यातलं जे सगळ्यात दुबळं जनावर आहे, त्याच्याजवळ आवाज देऊन जा, गळ्याखालच्या पोळीला पाच मिनिटं हात चोळा, खूर आणि डोळे पाहा. काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा.

बरं मैत्रिणींनो, येते. रामराम.